मुलगा शिकायला रशियाला चाललाय आणि घरात स्टालिनवरून अबोला. खरं काय आहे?

तापीकाठ (चोपडा)

नमस्कार. माझ्या मुलाला रशियात पेत्रोझावोद्स्कला एमबीबीएसला प्रवेश मिळालाय. नीटच्या मार्कांवर इथलं सरकारी कॉलेज मिळालं नाही आणि खाजगीचं नाव काढायची आमची ऐपत नाही. आपल्या जळगाव-धुळ्याची किती पोरं तिकडे जातात ते तुम्हाला माहीतच आहे. कागदपत्रं बहुतेक झालीत, प्रश्न त्याबद्दल नाही.

माझे सासरे, आम्ही आप्पा म्हणतो, अमळनेरला मिलमध्ये साचेखात्यात होते. लाल बावट्याचे पक्के. नातू रशियाला जाणार म्हटल्यावर अख्ख्या गल्लीत पेढे वाटून आले. आमच्या माळ्यावर अजून त्या गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत मासिकांचे गठ्ठे आहेत. माझ्या मिस्टरांच्या शाळेच्या सगळ्या वह्यांना त्याचीच कव्हरं असायची, ट्रॅक्टर चालवणारी हसरी बाई वगैरे.

तर पोरानं मोबाईलवर त्या गावाची माहिती काढली. त्यात जवळच्या सांदरमोख नावाच्या जंगलाचं निघालं. जेवताना त्यानं वाचून दाखवलं की १९३७-३८ साली तिथे हजारो माणसं गोळ्या घालून पुरली. आप्पांनी ताटात हात धुतला नि उठले. "अमेरिकेनं पेरलेलं आहे हे सगळं." पोरगं म्हणालं, आप्पा, हे रशियन लोकांनीच खणून काढलंय. तर म्हणाले, मग मेले ते सावकार नि हेर असतील. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आणि मी मधल्या मधे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरं आहे का आणि किती खरं? खरं असेल तर आप्पांसारख्या वाचणाऱ्या माणसाला जन्मभर कसं कळलं नाही? आणि मुलानं तिकडे जाऊन या विषयावर तोंड उघडावं की मिटावं? कुणी तिकडे राहून आलेलं असेल तर जास्त बरं. राजकारणाची भांडणं कृपया नकोत, ती घरात भरपूर आहेत.

केळीबाग (रावेर)

ताई, बठ्ठं खरं शे, पन तुमना आप्पाले कोन सांगी? आमच्या घरातही एक आप्पा होते, त्यांचा देव वेगळा होता एवढंच. नव्वदीला टेकलेल्या माणसाशी वाद घालून काय मिळणार? पोराला म्हणा, पाया पड आणि निघ. स्टालिन मेला त्याला सत्तर वर्षं झाली.

जुना_मास्तर (नंदुरबार)

केळीबाग भाऊ, सत्तर वर्षं झाली म्हणून सोडायचं असेल तर शाळेतला इतिहासाचा तास बंदच करायला हवा.

मी आणीबाणीत नवा नवा शिक्षक होतो. माझे दोन मित्र मिसाखाली नाशिकरोडला होते. त्या कायद्याखाली देशभरात पस्तीस हजारांच्या आसपास माणसं विनाचौकशी आत होती, हा शहा आयोगाचा आकडा. तरी एक फरक मला तेव्हाही कळत होता. ते कुठे आहेत हे घरच्यांना माहीत होतं. पत्र यायचं, त्यावर सेन्सॉरचा शिक्का असायचा, पण यायचं. आणि १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, माणसं घरी आली. म्हणून कुणी उठून "आमच्याकडेही गुलागच होतं", म्हणजे स्टालिनच्या सक्तमजुरीच्या छावण्यांसारखंच होतं, म्हणायला लागला की मला ते पटत नाही.

मात्र एक गोष्ट मी हातानं केलेली आहे. १९७६ मध्ये आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणायला सांगितलं होतं. अमुक इतक्या आणा, नाहीतर पगार अडकेल. कोण आणायचा, त्याला मुलं किती, त्याची इच्छा आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. वहीत आकडा भरला की झालं. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. वरून आकडा आला की खालचा माणूस काय करतो ते मी तेव्हा पाहिलं. रशियाबद्दल मला पुस्तकी माहिती आहे, जाणकारांनी सांगावं.

पांझराकाठ (धुळे)

ताई, मी धुळ्यात प्रॅक्टिस करतो. शिकलो व्होरोनेझला, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. गेलो तेव्हा सोव्हिएत संघ ताठ उभा होता, परतलो तेव्हा खिळखिळा झाला होता. म्हणजे आप्पांचा रशिया आणि तुमच्या मुलाच्या मोबाईलमधला रशिया, दोन्हींत मी राहून आलोय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मुलानं वाचलं ते खरं आहे. सांदरमोख पेत्रोझावोद्स्कच्या उत्तरेला, दीडेकशे किलोमीटरवर, मेद्वेझ्येगोर्स्क नावाच्या गावाजवळ आहे. १९९७ च्या जुलैत युरी द्मित्रियेव, इरिना फ्लिगे आणि वेनियामिन इओफे या तिघांनी ती जागा शोधली. पाइनच्या जंगलात जमीन ठिकठिकाणी चौकोनी खचलेली होती, तिथे खणलं आणि कवट्या निघाल्या. जंगल एवढं मोठं, नेमकं तिथेच कसं खणलं? कारण गोळ्या घालणाऱ्यांचं दप्तर शाबूत होतं. सोलोव्की बेटांवरच्या छावणीतले १,१११ कैदी २७ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर १९३७ दरम्यान तिथे मारले, हा आकडा मारणाऱ्यांनी स्वतः लिहून वर पाठवलेला आहे. अमेरिकेला यात काही पेरायला जागाच नव्हती.

मास्तरांनी 'केसेस' हा शब्द वापरला. अगदी तीच गोष्ट, फक्त शेवटी ऑपरेशन नव्हतं. ३० जुलै १९३७ ला गुप्त पोलिसांचा, म्हणजे एनकेव्हीडीचा, आदेश क्रमांक ००४४७ निघाला. सही त्यांचा प्रमुख येझोव्ह याची. त्याच्यात प्रांतवार तक्ता. पहिल्या वर्गातल्यांना गोळी, दुसऱ्या वर्गातल्यांना आठ ते दहा वर्षं छावणी. देशाचा सुरुवातीचा कोटा पहिल्या वर्गात ७५,९५० आणि दुसऱ्या वर्गात १,९३,०००. नावं अजून ठरायची होती, संख्या ठरली होती! निकाल देणारे तिघेजण असत: एनकेव्हीडीचा प्रांतप्रमुख, पक्षाचा सचिव आणि सरकारी वकील. आरोपी समोर नाही, त्याच्या बाजूनं बोलणारा नाही, अपील नाही. एका बैठकीत शेकड्यांनी नावं निकालात काढत. आणि प्रांतांचे साहेब काय करत होते? आमचा कोटा संपला, वाढवून द्या, अशा मागण्या मॉस्कोला पाठवत होते. चार महिन्यांत आटपायचं काम पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत चाललं. असे सगळे आदेश आणि खटले मिळून १९३७-३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ जणांना मृत्युदंड दिल्याची नोंद खुद्द त्यांच्याच खात्यात आहे. सही करणारा येझोव्ह १९३९ मध्ये आत गेला आणि १९४० च्या फेब्रुवारीत त्यालाही गोळी घातली. आपली सही आपल्याला वाचवील असं त्याला वाटलं असणार.

आता मी डोळ्यांनी पाहिलेलं. आम्हाला पहिलं वर्ष नुसती रशियन भाषा. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या, कडक, उच्चार चुकला की खडू टेबलावर आपटायच्या. मी जरा पुढे पुढे करणारा, त्यामुळे घरी जाणं-येणं झालं. १९८९ च्या हिवाळ्यात एकदा गेलो तर त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांचे वडील रेल्वेत हिशेबनीस होते. १९३७ च्या शरदात रात्री नेलं. आई तुरुंगाच्या खिडकीपाशी रांग लावायची. खिडकीतल्या माणसानं पैसे घेतले तर नवरा अजून तिथे आहे, परत केले तर नाही. कळायचा मार्ग एवढाच. एके दिवशी पैसे परत आले आणि उत्तर मिळालं, "दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही." आईनं दहा वर्षं मोजली. नंतरही मोजत राहिली.

पहिला कागद पन्नाशीच्या दशकातला, मृत्यूचा दाखला. कारण: न्यूमोनिया. साल १९४३. दुसरा कागद नुकताच हाती आलेला. त्यात खरी तारीख, १९३७ चा डिसेंबर, आणि कारणाच्या जागी 'गोळी घालून'. पत्रव्यवहाराचा हक्क नाही म्हणजे माणूस तेव्हाच मेलेला. न्यूमोनिया तर शुद्ध बनावट, आणि तीही कुणा कारकुनाच्या लहरीनं नव्हे. नातेवाइकांना खोटी तारीख आणि खोटा आजार सांगावा अशी लेखी सूचनाच १९५५ मध्ये वरून गेली होती. त्यात मधली युद्धाची वर्षं घातली की कुणाला शंका येत नाही. मी तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी, मृत्यूचा दाखला कसा भरायचा ते आम्ही शिकत होतो. आजही मी दाखल्यावर कारण लिहितो तेव्हा पेन जरा जपून चालतं.

त्याच वर्षी व्होरोनेझजवळ दुबोव्का नावाच्या जंगलात सामूहिक खड्डे निघाले. बाई तिथे गेल्या होत्या. वडील त्यातच आहेत की नाहीत हे कुणी सांगू शकत नव्हतं.

छावण्यांबद्दल डॉक्टर म्हणून थोडं सांगतो, कारण पोरगं डॉक्टर होणार आहे. छावणीत कैद्याच्या कामाची प्रत डॉक्टर ठरवायचा: भारी काम, मध्यम, हलकं. पद्धत अशी की रांगेत नागवं उभं करायचं आणि कुल्ल्याचं मांस चिमटीत धरून बघायचं. मांस असेल तर लाकूडतोडीला. भाकरी कामावर: ठरलेला कोटा पुरा केला तर पुरती, कमी पडलास तर कमी. कमी खाल्लं की दुसऱ्या दिवशी काम आणखी कमी, की भाकरी आणखी कमी. हे चक्र एकदा सुरू झालं की काही आठवड्यांत माणूस संपतो. स्कर्व्हीवर पाइनच्या पानांचा कडू काढा पाजायचे. आणि पेलाग्रा, म्हणजे कातडी सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी भ्रम होतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं नुसत्या ज्वारीवर राहिलेल्या गरीब माणसांत हा आजार दिसायचा, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकातही आहे. तिथे तो बराकीच्या बराकीला असायचा. मरायला टेकलेल्यांना पुष्कळदा 'सोडून' देत, म्हणजे मरण छावणीच्या खात्यावर पडत नसे. त्यामुळे १९३० ते १९५३ मध्ये छावण्या-वसाहतींतून सुमारे १ कोटी ८० लाख माणसं गेली आणि १५ ते १७ लाख मेली, हा जो दप्तरातला आकडा आहे, तो कमीत कमी समजा.

तुमच्या मुलाच्या गावाशी याचा थेट संबंध आहे. पेत्रोझावोद्स्क ओनेगा सरोवराच्या काठी. त्याच सरोवराच्या उत्तर टोकापासून श्वेत समुद्रापर्यंत २२७ किलोमीटरचा कालवा १९३१ ते १९३३ मध्ये कैद्यांकडून खणून घेतला, कुदळी, पहारी आणि लाकडी हातगाड्यांनी. एका वेळी लाखाच्या वर माणसं कामावर. जगभर गाजावाजा केला, मोठमोठ्या लेखकांना बोटीतून फिरवून कौतुक लिहून घेतलं. आणि खोली इतकी कमी की मोठी जहाजं जातच नाहीत. आप्पांच्या माळ्यावरच्या गठ्ठ्यात त्या कालव्याचा फोटो निघाला तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

आप्पांना कसं कळलं नाही? त्यांना दोष देऊ नका. १९५५ च्या फेब्रुवारीत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या वर्षाअखेर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतभर फिरले, लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे. ज्या देशानं कारखाना दिला त्याच्याविषयी वाईट कोण ऐकेल? त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ फेब्रुवारी १९५६ ला, त्याच ख्रुश्चेव्हनं मॉस्कोत बंद दाराआड भाषण करून स्टालिननं पक्षातलीच माणसं कशी मारली ते सांगितलं. भाषण फुटलं आणि जूनमध्ये छापलं कुठे, तर अमेरिकन वर्तमानपत्रात. म्हणजे "अमेरिकेनं पेरलं" म्हणायला आयतं निमित्त! खुद्द रशियात ते उघडपणे छापून यायला १९८९ उजाडलं. अमळनेरच्या साचेखात्यातल्या माणसाला त्याआधी कुणी सांगायचं?

तरी एक विचारावंसं वाटतं. "हेर असतील" म्हणतात, तर वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हेर होते का? सरोजिनी नायडूंचे सख्खे भाऊ, इंग्रजांविरुद्ध उभा जन्म परदेशात घालवला. लेनिनग्राडला संशोधन करत होते. १९३७ च्या जुलैत पकडलं, २ सप्टेंबरला गोळी. अवनी मुखर्जी, १९२० मध्ये ताश्कंदला मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासोबत भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना करणाऱ्यांतले, २८ ऑक्टोबर १९३७. गुलाम अंबिया खान लुहानी, १९३८ च्या सप्टेंबरमध्ये. नंतर सरकारनंच निर्दोष ठरवलं. आणि हे खानदेशापासून फार लांबचं नाही. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेस भरली, नेहरू अध्यक्ष, रॉय तुरुंगातून सुटून तिथे आले होते. फैजपूरच्या मांडवात रॉय बसलेले, आणि दहा महिन्यांनी मॉस्कोत त्यांच्या जुन्या साथीदाराला भिंतीशी उभं केलं. रॉय तिकडून वेळीच बाहेर पडले नसते तर फैजपूरला आले नसते, असं मला पक्कं वाटतं. हे आप्पांना सांगा. अमेरिकेचं राहू द्या, लाल बावट्याच्याच माणसांचं सांगा.

तापीकाठ (चोपडा)

डॉक्टरसाहेब, काय लिहू? सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पा डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते. फैजपूरचं आलं तेव्हा म्हणाले, त्यांच्या वडिलांनी बैलगाडीतून जाऊन ते अधिवेशन पाहिलं होतं. अवनी मुखर्जींचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं, शेवट माहीत नव्हता. "मग पक्षानं आम्हाला का नाही सांगितलं?" एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं मात्र पुन्हा तेच. ठीक आहे, आपली माणसं चुकीनं मारली गेली, पण कुलाक म्हणजे सावकार, जमीनदार, त्यांना हाकललं ते बरोबरच होतं. आमचं गाव सावकारानं गिळलं, मला नका सांगू. याला काय उत्तर द्यायचं? सावकाराबद्दल ते खोटं बोलत नाहीत. आमची चार एकर तशीच गेली.

पांझराकाठ (धुळे)

आप्पांच्या सावकाराशी माझं भांडण नाही. पण तिकडे कुलाक कुणाला म्हटलं ते त्यांना खानदेशी हिशेबात सांगा. मोठे जमीनदार १९१७ नंतरच गेले होते. १९३० मध्ये उरले होते ते शेतकरीच. आपल्याकडे आखाजीला एक सालदार धरणारा, दारात बैलजोडी नि दोन दुभती जनावरं असणारा जो माणूस, तो तिथला कुलाक. आणि ज्याच्याकडे तेवढंही नाही पण जो सामूहिक शेतीत यायला कांकू करतो, त्याच्यासाठी 'कुलाकाचा हस्तक' अशी वेगळी पाटी तयार होती. इथेही प्रांतवार आकडे होतेच. १९३०-३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख माणसं, लेकराबाळांसकट, उत्तरेला नि सायबेरियात नेऊन टाकली. कित्येकांना तिथे घर नव्हतं, आधी जंगल तोडून झोपड्या उभ्या करायच्या होत्या. पोरं पहिल्या हिवाळ्यात गेली.

आणि हे खास आप्पांना विचारा. आपल्याकडे ज्वारी-गव्हाची कापणी झाली की मागे पडलेली कणसं गोरगरीब बाया वेचून नेतात, सरवा. कुठला शेतकरी अडवतो? ७ ऑगस्ट १९३२ ला तिकडे कायदा झाला की सामूहिक शेतातला माल उचलणं ही सरकारी मालमत्तेची चोरी. शिक्षा गोळी, आणि काही सवलतीचं कारण असेल तर दहा वर्षं. त्यात सरवा वेचणाऱ्याही सापडल्या, म्हणून लोकांनी त्याला 'कणसांचा कायदा' नाव दिलं. त्या हिवाळ्यात युक्रेनमध्ये दुष्काळानं लाखो लोक मरत होते आणि धान्य परदेशी विकायला बाहेर जात होतं. त्या कणसं वेचणाऱ्या बाईला सावकार म्हणायला आप्पांची जीभ धजणार नाही. मिलमधला माणूस आहे, भूक त्यांना माहीत असेल.

माहेर_कोल्हापूर (सध्या जळगाव)

विषय निघाला म्हणून. माझं माहेर कोल्हापूरजवळ वळिवडे. माझी आजी सांगायची की गावाबाहेर पोलंडच्या लोकांची छावणी होती, गोऱ्या बाया बाजारात वांगी-कोथिंबीर घ्यायला यायच्या आणि मोडकं मराठी बोलायच्या. लहानपणी मला वाटायचं हे लोक हिटलरपासून पळून आलेले. पुष्कळांना अजून तसंच वाटतं. खरं तर त्यातल्या बहुतेकांना १९४० पासून स्टालिनच्या पोलिसांनी पूर्व पोलंडमधून मालगाड्यांत भरून सायबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तानला नेलं होतं, लाकूडतोडीला. पहिली मोठी खेप १० फेब्रुवारी १९४० ची, ऐन थंडीत. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर १९४१ मध्ये करार होऊन त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ते आपल्याकडे पोचले. लहान मुलं जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतली, वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये पाच हजारांच्या आसपास माणसं होती. शाळा, चर्च, थिएटर सगळं होतं. म्हातारे होऊनसुद्धा त्यातले काहीजण पुन्हा पुन्हा कोल्हापूरला येत राहिले. तेव्हा ताई, आप्पांना म्हणावं, साक्षीदार आपल्या महाराष्ट्रात राहून गेले, अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही.

केळीबाग (रावेर)

मी वर "सोडून द्या" म्हणालो होतो, आता मीच सगळं वाचत बसलोय, केळीला पाणी सोडायचं राहिलं. डॉक्टर, ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं काय? पोरानं तिकडे बोलायचं की नाही? माझ्याही भाच्याचं पुढच्या वर्षी ठरतंय.

पांझराकाठ (धुळे)

हो, ते राहिलंच.

बोलू नये, निदान मोबाईलवर तरी नाही. मी होतो तेव्हा दारं उघडत होती. १९९० च्या ऑक्टोबरात मॉस्कोला गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर सोलोव्कीहून आणलेला दगड बसवला, त्या वेळच्या गप्पा आमच्या हॉस्टेलमध्येही चालायच्या. आता वारं उलटं आहे. जुनी दप्तरं उघडून नावांच्या याद्या करणारी 'मेमोरियल' ही संस्था २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयानं बंद केली. पुढच्या वर्षी तिला नोबेल शांतता पुरस्कार विभागून मिळाला, तरी दार बंद ते बंदच. सांदरमोख शोधणाऱ्या तिघांतले द्मित्रियेव यांना २०१६ मध्ये पकडलं, २०१८ मध्ये काही महिने सुटले, पुन्हा आत घेतलं, शिक्षा पंधरा वर्षांची. आरोप वेगळेच लावलेत, ते आणि त्यांचे सहकारी ते नाकारतात. आणि २०२२ च्या मार्चपासून लष्कराची बदनामी केली म्हणून शिक्षा देणारा कायदा आहे. तुमचं पोरगं शिकायला चाललंय, परदेशी आहे, व्हिसा त्यांच्या हातात. युद्धाबद्दल स्टेटस ठेवायचं नाही, मित्राचं फॉरवर्ड पुढे ढकलायचं नाही, मिरवणुकीच्या कडेला उभं राहून फोटो काढायचे नाहीत. आणि तिकडे फौजेत किंवा 'मदतनीस' म्हणून भरतीची कुणी ऑफर दिली, पैसा कितीही सांगो, तर कागदावर सही करायची नाही. आपल्या देशातली पोरं त्यात अडकून मेलीत, हे बातम्यांत येऊन गेलंय.

ऐकायला मात्र हरकत नाही. म्हाताऱ्या माणसांशी ओळख वाढली, भाषा आली, की ती आपणहून सांगतात, स्वयंपाकघरात बसून. त्यासाठी भाषेचं पहिलं वर्ष मन लावून करावं लागतं. आपली बरीच पोरं इंग्रजी माध्यम आहे म्हणून रशियन टाळतात आणि मग तिसऱ्या वर्षाला वॉर्डात पेशंटचा इतिहास घेताना तोंडात मारल्यासारखी उभी राहतात.

बाकी, जाड कोट इथून घेऊ नका, जळगावातल्या कोटानं तिकडची थंडी भागत नाही. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घ्या. बूट दोन नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे मावतील असे. कुकर आणि तूरडाळ द्या. कळण्याचं पीठ देऊ नका, महिन्याभरात त्यात किडे होतात आणि विमानतळावर विचारतात ही राखाडी पावडर कसली.

तापीकाठ (चोपडा)

कुकर घेतलाय, दोन लिटरचा. कळण्याचं पीठ आप्पांनीच दळून आणलंय, ते आता कसं काढू पिशवीतून? नातवाशी बोलायला लागलेत. काल त्याला विचारत होते, तुझ्या गावापासून तो कालवा किती लांब आहे ते नकाशात दाखव. डॉक्टरसाहेब, मोज्यांचं पुन्हा एकदा सांगा, लोकरीचे म्हणजे इथल्या तिबेटी बाजारातले चालतील का?